कोटबोरगावच्या किल्ल्याचा अधिकृत शत्रू

तुळजापूरच्या वाटेवरचा कोटबोरगावचा किल्ला पडका होता आणि त्याबद्दल गावाची काहीही तक्रार नव्हती. किल्ला पडला म्हणूनच तर गाव उभं होतं. कुणाची गव्हाण, कुणाचा उंबरा, देवळाचा ओटा, मशिदीची पायरी, सगळं तिथूनच आलेलं. सिद्धम्माची खोली त्यातली सगळ्यांत नवी. लेकरू पोटात असताना तिच्या नवऱ्यानं, माणिकप्पानं, बुरुजाचे दगड बैलगाडीतून आणून ती बांधली होती. पाळण्याशेजारच्या दगडावर कोरीव हत्ती होता. झोका गेला की बाळाचा पाय हत्तीला लागायचा, आणि बाळ असं हसायचं की सिद्धम्माची भाकरी तव्यावर करपायची.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. यात्रेकरू किल्ल्याच्या सावलीला बसतात, पण ती कुणाची सावली हे त्यांना ठाऊक नसतं, ही गोष्ट हैदराबादेत कुणाच्या तरी मनाला लागली. इतिहास लिहायला जैनोद्दीन साहेब आले. सोबत हुकूम होता: किल्ला शत्रूनं पाडला असल्यास सरकारला खेद होईल, रयतेनं पाडला असल्यास रयतेनं दगड परत नेऊन लावावेत.

चावडीत गाव जमलं. धोंडीबा पाटील म्हणाले, "शत्रू पाहिजे. लवकर सुचवा."

"मोगल," बब्रुवान म्हणाला.

"का म्हणून? मराठे लिवा की," जलील म्हणाला.

दोघांच्या घरांची मधली भिंत एकाच बुरुजाची. पण आता दोघं एकमेकांना तंबाखू देईनात. इंग्रज लिहावेत, तर ते सरकारचे दोस्त. शेवटी दाराआड बाळाला थोपटत उभी असलेली सिद्धम्मा पाटलांना म्हणाली, "मामा, ज्याचं आपल्यात कुणीच न्हाय, असा बघा की."

शाळेच्या मास्तरांनी पोर्तुगीज सुचवले.

"त्यांची इकडं कुठं सोयरीक?" पाटलांनी विचारलं.

"न्हाय."

"मग त्यांनीच पाडला."

हे ऐकून साहेबांना एकच शंका आली. "समुद्र सोडून पोर्तुगीज इतके आत कशाला आले?"

"तुळजापूरला निघाले असतील, साहेब. सगळेच निघतेत," पाटील म्हणाले.

"आणि दगड?"

"नेले की गोव्याला."

अहवाल हैदराबादला रवाना झाला. गावानं सुटकेचा सुस्कारा टाकला आणि साहेबांना निरोपाच्या चहाला बोलावलं, ते नेमकं सिद्धम्माच्या नव्या खोलीत. साहेबांनी बशी तोंडाला लावली आणि त्यांना हत्ती दिसला. अहवाल गेलेला असल्यामुळं चूक आता हत्तीची होती.

"बाई, हा इथं कसा?"

सिद्धम्मा हत्तीच्या आड उभी राहिली. भिंत जाणार, खोली जाणार. ती घाईघाईनं म्हणाली, "पोर्तुगीज इथंच उतरलेले, साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे ही त्यांची छावणी."

पंधरवड्यात साहेब हुकूम घेऊन आले. छावणी संरक्षित झाली. एक दगड हलणार नव्हता. सिद्धम्मानं हात जोडले. मग साहेबांनी पुढचं वाचलं: खिळा ठोकू नये, चूल पेटवू नये, पाळणा टांगू नये.

"मग लेकरू कुठं निजवू?"

"बाहेर, बाई. इतिहासाच्या बाहेर कुठंही चालेल."

माणिकप्पानं अंगणात कडब्याचं छप्पर घातलं. संसार तिथं आला. बाळ झोपताना पाय हवेत मारायचं, कशालाच लागत नाही म्हणून रडायचं, आणि सिद्धम्मा आपला तळवा पुढं धरायची.

पुढच्या यात्रेपासून छावणी बघायला रांग लागू लागली. लोक भक्तीनं हात लावत. मग कुणी आठवण म्हणून एक कपची घेई. कुणी आधीच्यानं घेतली म्हणून घेई. देवीच्या कुंकवाशेजारी गाठोड्यात दगड बांधला जाई. एका शिकलेल्या गृहस्थानं हत्तीची सोंड रुमालात गुंडाळली. सिद्धम्मा आडवी गेली, तर त्यांनी समजावलं, "इथं हेळसांड होते, बाई. मी घरी नीट जपतो."

तिसऱ्या यात्रेत, रांग तशीच असताना, भिंत खाली बसली. आढं कोसळलं. साहेब परत आले, या खेपेला हवालदार घेऊन.

"सरकारी स्थळ कुणी पाडलं?"

सिद्धम्मानं लेकराला कडेवर सावरलं आणि रांगेकडं पाहिलं. रांगेत सगळी चांगली माणसं होती, आणि प्रत्येकाचा खिसा जरा जड होता. तुम्हीही होतात, तिनं तुमच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग ती साहेबांना म्हणाली, "पोर्तुगीज."