गच्चीवरचं जपान

आमच्या वाघमारे काकांना तुम्ही आमरसाचं ताट वाढलंत तरी ते आधी तुमच्या हातांकडं बघतील आणि म्हणतील, "आधी घासा, मग बसा." हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीत म्हणतात, रिक्षात चढणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरला म्हणाले. बाकीचे लोक परदेशातून चॉकलेटं आणतात. काकांनी जपानहून हे आणलं.

काका वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीच्या आधी कंपनीनं त्यांना नव्या मशीनचं काम शिकायला जपानला पाठवलं. ते मशीन कसलं होतं, हे त्यांना आता सांगता येत नाही. आठवतो तो डोंगरातला गरम पाण्याचा झरा आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेली म्हातारी माणसं. "आंघोळ भाईर करायची, घासून घासून. पाण्यात नुस्तं बसायचं. गपगार!" एवढं ऐकवल्याशिवाय ते जिन्यात कुणाला पुढं सोडत नाहीत. त्यांची चाहूल लागली की आमच्या बिल्डिंगमधली माणसं बंद पडलेल्या लिफ्टची वाट बघत उभी राहतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी कहर केला. प्लॅस्टिकची जुनी टाकी कापून गच्चीवर बसवली, सोलरची नळी तिच्यात सोडली आणि कडेनं दगड रचले. आमच्या शहरात नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक कामावर रजा टाकतात, आणि हे गृहस्थ नुसतं बसायला पाणी भरणार! त्यासाठी त्यांनी स्वतः टँकर मागवला, तेव्हा सोसायटीचे चेअरमनही गप्प झाले. टँकरवाल्याशी ओळख असलेल्या माणसाशी इथं कुणी वाकडं घेत नाही.

रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावणं आलं. "या समदे. संगं बसू. लई बरं वाटतं. बायांसाठी दुपारची येळ ठेवलीय."

आणि माणसं आली की! बाया-बापे सगळे सकाळीच आले, बादल्या घेऊन आले. काका हाफ चड्डीवर, खांद्यावर पंचा टाकून उभे होते. समोर नवे टॉवेल, साबणाच्या वड्या आणि बसून अंग घासायला पाट मांडलेले.

"अवो, न्यायचं नाय, हितंच बसायचंय," काका म्हणाले.

"एकाच पाण्यात समद्यांनी? नाय बाई!" पहिल्या मजल्यावरच्या देशमुख काकूंनी घागर बुडवली.

"आम्ही घरीच आंघोळ करतो ना, तेवढंच गीझरचं बिल वाचतं," म्हणत चेअरमनांनी दोन्ही बादल्या भरल्या. जाताना प्रत्येकानं काकांच्या कल्पनेचं तोंडभरून कौतुक केलं.

टाकीत पोटरीएवढं पाणी उरलं. मी चेष्टा करायलाच मागं थांबलो होतो. म्हणालो, "काका, तुमचं जपान फारच लवकर आटलं."

ते हसले नाहीत. पाटावर बसून त्यांनी अंग घासलं आणि त्या पोटरीभर पाण्यात जाऊन बसले.

"फुलंब्रीकडं आमच्या गावात आमच्या लोकांना हिरीला हात लावायची सोय नव्हती," ते म्हणाले. "माय ओंजळ धरायची, अन् कुणीतरी वरून ओतायचं. तिकडं जपानात त्या झऱ्यावर कंपनीचा मोठा साहेब माझ्या शेजारी येऊन बसला. माझा हात पाठीला पुरंना, तर त्यानं खुणेनंच सांगितलं, फिर. अन् घासून दिली माझी पाठ. मग दोघं एकाच पाण्यात बसलो. मला रडू आलं, पण तोंड भिजलेलंच व्हतं, कुणाला कळलं नाय."

त्यांनी पंचा पिळला.

"पाणी नेलं त्याचं काय नाय वो. बसलं कुणीच नाय."

मला फार वाईट वाटलं. शर्ट काढला, पाटावर बसून टाचा-कोपरं घासली आणि टाकीत उतरलो. पाणी कोमट झालं होतं आणि आम्हा दोन ढेरपोट्यांना टाकी चांगलीच अरुंद होती. काकांनी हातातला पंचा माझ्याकडं दिला. मग सावकाश वळून त्यांनी माझ्याकडं पाठ केली.