टबाच्या जाळीचा तपास

बसा पावणं, ह्या कोरड्या पायरीवर बसा. आकाराम पलंबर, गडमुडशिंगीचा एकमेव डिटेक्टिव्ह, हितं पंचगंगेच्या घाटावर दुसऱ्याच्या वाकळा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, का बडवतोय, ते सगळं सांगतो.

शाळा चौथीपतूर. पण नाक आसं, की नुसत्या वासावर सांगतो गटार कुणाच्या घरातनं तुंबलंय. भल्याभल्या मुक्या नळांना मी बोलतं केलंय.

काल मृत्युंजयशेटनं बोलावलं. पेठ वडगावचं गुळाचं व्यापारी. दोन हजार साल उजाडलं म्हणून कोल्हापुरात नवा बंगला बांधला, बंगल्यात बाथटब. गल्लीत पाणी दिवसाआड! टबात आजवर कोण बसलं न्हाय. बंगळूरचा जावई बसणार, तवर हात लावायची बी बंदी. आन् जावई येणार उद्या.

दारात गेलतो तर मानंवर टप्पकन थेंब पडला. वर न बघताच ताडलं, टाकी गळतीय. फुटकळ गोष्टीत मी डोकं घालत न्हाय.

टबाच्या बुडाची पितळी जाळी फुटलेली. शेट लालबुंद.

"नवी बसव. आन् फोडली कुणी ते बी हुडीक. घरात मी, माझी आई म्हंजे अव्वा, आन् ही कामाची झुंबरबाई. अव्वाच्या गुडघ्यांमुळं तिला मी नदीवर सुदीक सोडत न्हाय. मग उरलं कोण?"

झुंबरबाई तोंडाला पदर लावून हुबी. जुन्या घरापासनं नऊ वर्षं शेटकडं भांडी घासल्यात. शेट म्हणाला, "शाबित झालं तर उद्यापासनं येऊ नगंस."

जाळीच्या काड्याच तुटलेल्या, पक्कड अडकवायची कशात? टबाच्या बाजूच्या भोकातनं हात घालून खालचा नट धरला, वरनं हेक्सा ब्लेडनं रिंग कापाय लागलो. हात चालला की डोकं चालतंय माझं.

"शेट, हे पितळंच्या चोराचं काम."

"पितळ हितंच पडलंय की."

"मग उंदीर."

"पितळ खाणारा?"

"कागलच्या एमआयडीसीतला आसंल. तिथल्या उंदरांना लोखंडाची सवय."

तेवढ्यात रिंग निघाली. पाइपात हिरव्या लुगड्याची चिंधी! झुंबरबाईच्या अंगावर बी हिरवंच लुगडं.

"शेट, गुन्हेगार सापडला!"

झुंबरबाईनं पदर खाली घेतला. "आकारामदा, चिंधी माझीच हाय."

"बघा! कबूल!"

"जुनं लुगडं मी अव्वांना वाकळंला दिलतं. अव्वांचं नाव माझ्या तोंडानं घ्यायचं नव्हतं. आता अंगणात चला आन् वर बघा."

वर बघितलं. गच्चीच्या कठड्यावर सहा वाकळा. टपाटपा गळत हुत्या.

अव्वा लिंगपूजा आटपून भाईर आल्या. "काय बघताय? मीच धुतल्या, झुंबरीनं वर नेऊन टाकल्या. नवरातर तोंडावर आलं, अंथरुणं धुवायला नकोत? नदीवर तू सोडंनास. टबात उतरले, तुडवल्या, दांडक्यानं बडवल्या. एक दणका जाळीला बसला."

"मग सांगायचं न्हाईस व्हय, अव्वा?"

"तू मला इचारलंस कुठं? तू डिटेक्टिव्ह बोलावलास की!"

अव्वा माझ्याकडं वळल्या. "झुंबरी कुठं जाणार न्हाय. आजून पाच वाकळा धुवायच्या हायत. तिला गुन्हेगार म्हणणाऱ्यानं त्या नदीवर न्यायच्या. ती सांगंल तवर धुवायच्या."

मी गुमान नवी जाळी बसवली. रबरी वायसर, फटी बुजवायला सफेदा, खालनं नट आवळला, टब भरून बघितला. थेंब गळाला न्हाय. सगळ्या तपासात तेवढं एकच बरोबर निघालं.

ही पाचवी. पाणी पिऊन म्हशीएवढी झालीया. त्या वरच्या पायरीवर शेंगा फोडत बसल्यात न्हवं, त्याच झुंबरबाई. चारदा म्हणाल्या, "आकारामदा, साबण ऱ्हायलाय." आता एकट्याला पिळवंना, तर नुसत्या हसत्यात.

पावणं, तेवढं दुसरं टोक धरा की.