रविवारचं उधाण

"खिडकीतून बघू नकोस," एफी म्हणाली. "बघितलंस की मग तुला खाणं जात नाही."

टॉर्कल मॅकऑलेनं तरीही बघितलं. खाली किनाऱ्यावर त्याचं पिवळं पोकलेन उभं होतं. काल त्यानं ते वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, भरतीच्या रेषेपासून चांगलं तीस पावलं वर लावलं होतं. आता सकाळचे आठ वाजले होते, पाणी ओसरायला लागलं होतं, आणि पोकलेनच्या चाकांवरचे दोन्ही लोखंडी पट्टे ओले दिसत होते. एका पट्ट्यावर तर शेवाळ लोंबत होतं.

"एफी, काल अमावास्या होती."

"मग?"

"मग आज उधाण. सकाळची भरती पट्ट्यांपर्यंत आली. संध्याकाळची आणखी वर येणार. त्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे पाणी थेट इंजिनात."

लापशी ढवळणारा एफीचा हात थांबला. ते पोकलेन म्हणजे त्या घराचं सगळं काही होतं. अकरा वर्षं दुसऱ्यांची यंत्रं चालवून टॉर्कलनं ते घेतलं होतं. मेलाविक गावात चर खणायचा असो, पाया खणायचा असो की कबर, लोक त्यालाच हाक मारत. खारं पाणी एकदा इंजिनात गेलं की त्या पिवळ्या धुडाचा उपयोग कोंबड्या निजवण्यापुरताच उरणार होता.

ते हलवायला तीन मिनिटं पुरली असती. किल्लीसुद्धा आतच होती. मेलाविकमध्ये यंत्र चोरून माणूस जाणार कुठे? पण आज रविवार होता. शब्बाथ, देवानं सांगितलेला विश्रांतीचा दिवस. रविवारी आमच्या गावात कोणी कपडे वाळत घालत नाही, बटाटे शनिवारीच सोलून ठेवतात, आणि शनिवारची एक चादर चुकून दोरीवर राहिली म्हणून एका बाईला सहा वर्षं झाली तरी 'चादरवाली' म्हणतात. रविवारी कामाला हात लावायला दोनच कारणं चालतात, दया किंवा निकड. कुणाचा जीव जात असेल तर धावा. इंजिनाला जीव नसतो.

हे सगळं झालं होतं पेटिग्रूसाहेबांमुळे. लॉरेन्स पेटिग्रू म्हणजे एके काळी जगभर गाजलेले गोल्फपटू. आता साठी उलटल्यावर ते आमच्या टेकड्यांमध्ये गोल्फचं मैदान आखायला आले होते, आणि टॉर्कलच्याच घरी माडीवर राहत होते. निसर्गाला धक्का लावायचा नाही हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे टॉर्कलनं चिमूटभर वाळू उचलायची, साहेबांनी पोटावर पडून ती जागा न्याहाळायची, आणि मग म्हणायचं, "परत टाक." काल सातव्या ग्रीनचा, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीचा, उतार त्यांनी नऊ वेळा बदलायला लावला. नवव्या खेपेला तो हुबेहूब पहिल्यासारखा झाला, तेव्हा साहेबांचं समाधान झालं. तोवर टेकड्यांना वळसा घालून पोकलेन घरी आणायला वेळच उरला नाही.

साहेब चोरपावलांनी स्वयंपाकघरात आले. तेही खिडकीतून बघून आले होते हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"टॉर्कल, त्याला हात लावू नकोस," ते कुजबुजले. "मंगळवारी गावसभेत मैदानाचा निर्णय आहे. टेकड्या गावाच्या, कुरण गावाचं. रविवारी काम नाही, ही त्यांची पहिली अट. आज तू यंत्र चालवलंस तर मैदान गेलंच म्हणून समज."

"आणि नाही चालवलं तर माझं पोकलेन गेलं!"

"माहीत आहे रे. पण तुझे सासरे केव्हापासून दुर्बीण घेऊन बसलेत."

ते खरं होतं. शेजारच्या घरात फिन्ले मॅकआयव्हर, एफीचे वडील आणि चर्चच्या पंचांमधले सगळ्यात कडक, खिडकीशी बसून पक्षी बघत होते. पक्षी बघणं रविवारी चालतं.

"मी पन्नास हजार माणसांसमोर खेळलोय," पेटिग्रूसाहेब म्हणाले. "पण तुझ्या सासऱ्यांनी नुसतं 'काय, बरं आहे ना?' विचारलं तरी माझे गुडघे लटपटतात."

"तुमचे आत्ता लटपटायला लागले. माझे लग्न ठरल्यापासून लटपटतायत."

बाराच्या उपासनेत पाद्रीबाबांनी नेमका जलप्रलय काढला. दीड तास पाणी चढत होतं. डोंगर बुडाले, झाडं बुडाली, आणि प्रत्येक वाक्याला टॉर्कलच्या डोळ्यांसमोर पिवळं काहीतरी बुडत होतं. त्याला दरदरून घाम फुटला. जावयाला अखेर पापांची जाणीव झाली असं वाटून फिन्लेंनी समाधानानं खिशातली पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, ही पहिलीच गोळी.

घरी परतताना मात्र त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी फिन्लेंचा एडका रविवारी दलदलीत रुतला होता. तेव्हा फिन्लेंनी स्वतः ट्रॅक्टर काढला, दोर बांधला, आणि गावातल्या एकानंही चकार शब्द काढला नव्हता. दया!

"एफी," तो म्हणाला, "पोकलेनमध्ये एखादी मेंढी अडकली तर?"

"मेंढी कशाला जाईल पोकलेनमध्ये?"

"बिस्किटासाठी."

एफीनं फडताळातून ओटची बिस्किटं काढून दिली आणि पाठ फिरवली. तिच्या वडिलांनी विचारलं असतं तर 'मी काही बघितलं नाही' असं तिला खरं खरं सांगता आलं असतं.

फ्लोरी ही त्यांच्या घरची, बाटलीच्या दुधावर वाढलेली मेंढी. बिस्किटासाठी ती समुद्रातसुद्धा उतरली असती. टॉर्कल पाय मोकळे करायला निघाला, आणि ती मागोमाग निघाली. तिला उचलायचं नाही, ओढायचं नाही, हाकायचं नाही. म्हणजे काम नाही. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत त्याच्या काळजाची धडधड फ्लोरीलाही ऐकू येत असावी, कारण ती सारखी वर बघत होती. त्यानं आत टाकलेल्या बिस्किटांमागे ती पट्ट्यावर चढली, पट्ट्यावरून आत गेली, आणि बिस्किटं चघळत चालकाच्या जागी बसली. टॉर्कलनं कोपरानं दार लोटलं आणि घरी आला.

आता कोणाच्या तरी नजरेला ती पडायला हवी होती. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. गावातल्या अठरा घरांच्या अठरा खिडक्यांमधून लोकांनी हा सगळा प्रकार अथपासून इतिपर्यंत बघितला होता, पण रविवारी दुसऱ्याच्या भानगडीत तोंड घालायची रीत नाही.

"आता काय करायचं?" टॉर्कलनं विचारलं.

उत्तर फ्लोरीनं दिलं. उरलेलं बिस्किट शोधताना तिचं ढुंगण हॉर्नवर टेकलं.

त्या आवाजानं किनाऱ्यावरचे पक्षी उठले. पन्नास वर्षांत मेलाविकमध्ये रविवारी एवढा मोठा आवाज झाला नव्हता. पाच मिनिटांत काळ्या कोटातलं अख्खं गाव वाळूत गोळा झालं. टॉर्कलनं ठरवलेलं वाक्य म्हटलं, "अरेरे, बिचारी अडकली वाटतं! आता यंत्र वर न्यायलाच हवं, नाही का बाबा? दया म्हणून?"

फिन्लेंनी पुढे होऊन दार उघडलं. फ्लोरी टुणकन बाहेर पडली, आणि हॉर्न थांबला.

"झाली दया," फिन्ले म्हणाले. "चला घरी." वळताना ते जावयापाशी थांबले. "मेंढीला आतून दार लावता येतं, हे मला माहीत नव्हतं."

टॉर्कलची मान जी खाली गेली ती घर येईपर्यंत वर आली नाही. पेटिग्रूसाहेब दारातच उभे होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले.

पाच वाजता भरतीची पहिली जीभ पट्ट्यांना लागली. साडेपाचला पट्टे अर्धे बुडाले. वारा चढला होता, आणि सहाच्या उपासनेसाठी लोक पुन्हा रस्त्याला लागले होते. टॉर्कल खिडकीशी उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"जा," एफी म्हणाली. "चालव. मी तोंड देईन बाबांना."

"आणि मंगळवारी? अख्ख्या गावाचं मैदान माझ्यामुळे गेलं तर इथं कुणाला तोंड दाखवणार? मला भीती वाटते गं. पाण्याचीही वाटते आणि माणसांचीही."

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. दोघांनी एकदमच खिडकीला नाक लावलं. चौकटीच्या टोपीतले पेटिग्रूसाहेब पोकलेन चालवत होते.

"देवा!" टॉर्कल म्हणाला. "वर नेतायत!"

पोकलेन थरथरलं, हललं, आणि सरळ समुद्राकडे निघालं.

"अहो, मागे! मागे!" टॉर्कल चपलांशिवाय धावत सुटला. पोकलेन लाटांत शिरलं, एकदा गर्रकन वळलं, बकेट उचलली गेली आणि इंजिन बंद पडलं. मग वाऱ्यावरून हाक आली. तिच्यात गोल्फपटूचा रुबाब अजिबात नव्हता.

"वाचवा! मला पोहता येत नाही!"

उपासनेला निघालेली माणसं काळे कोट सावरत वाळूवर धावली. सगळ्यांत पुढे फिन्ले होते.

"उतरा खाली!" ते ओरडले. "कमरेइतकंच पाणी आहे!"

"नाही उतरणार!" एक लाट दारावर फुटली, आणि साहेबांनी लहान मुलासारखी किंकाळी फोडली.

फिन्लेंनी समुद्राकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "टॉर्कल, माणूस बाहेर काढ."

"पाठीवर घेऊन?"

"त्या देहाकडे बघ जरा. यंत्रासकट आण."

टॉर्कल पाण्यात घुसला. साहेबांनी खुर्चीचा दांडा असा घट्ट धरला होता की त्यांच्या मांडीवर बसूनच त्याला किल्ली फिरवावी लागली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. पाणी इंजिनाच्या अजून चार बोटं खाली होतं. पोकलेन फुरफुरत, शेवाळ झटकत वाळूवर आलं.

"थांबू का?" टॉर्कलनं विचारलं.

"अजून वर," फिन्ले म्हणाले. "साहेबांचा चेहरा पांढराफटक आहे."

टेकडीच्या पायथ्याशी तो पुन्हा थांबला.

"अजून वर. भीती गेलेली नाही."

साहेबांची भीती पार टेकडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर गेली. तिथं समुद्र शंभर वर्षांत आला नव्हता.

दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात पेटिग्रूसाहेब टॉर्कलची विजार घालून, हातात चहाचा कप धरून बसले होते. टॉर्कल संतापानं लाल झाला होता.

"अहो, पुढे कुठलं आणि मागे कुठलं कळत नाही, तर दांड्याला हात कशाला लावायचा? आणखी पाच मिनिटं गेली असती तर बुडालं होतं माझं पोकलेन!"

"माझे वडील वाळूच्या खाणीत पोकलेन चालवायचे," साहेब हळूच म्हणाले. "शाळा सोडल्यावर चार वर्षं मीही तेच केलं. गोल्फ नंतरचं."

टॉर्कल काही बोलणार, इतक्यात दार वाजलं आणि फिन्ले आत आले. त्यांनी टोपी काढली, पण बसले नाहीत.

"बकेट वर," फिन्ले म्हणाले. "तोंड किनाऱ्याकडे. पाणी लागायच्या आत इंजिन बंद. ज्याला यंत्र येत नाही, तो इतका नीटनेटका बुडत नाही, साहेब."

एफीनं डोळे मिटले. टॉर्कलला मंगळवारची सभा दिसायला लागली.

"एकच विचारतो," फिन्ले म्हणाले. "आज वार कोणता आहे ते लक्षात ठेवून उत्तर द्या. तुम्हाला पोहता येतं?"

"नाही," पेटिग्रूसाहेब म्हणाले. "मला वाटलं होतं, पाण्यात दोन हात जायचं नि नुसतं ओरडायचं. पण ती लाट आली ना, तेव्हा मी संपलो म्हणूनच समजलो. आई आठवली हो मला. अजून बघा."

फिन्लेंनी बघितलं. बशीत कप खुळखुळत होता, आणि टेबलाखाली जगप्रसिद्ध पाय विजारीच्या आत थडथड उडत होते. ते बराच वेळ बघत राहिले, कोर्टात पुरावा तपासावा तसे.

"मग ती निकड होती," फिन्ले म्हणाले, टोपी घातली, आणि उपासनेला निघून गेले.