साळूचा रोगमुक्त गोठा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला घरी बजावलंय. म्हणून हळू सांगते. जवळ सरका, मुलांनो.

एका जंगलात साळू नावाची साळिंदरीण राहायची. तिच्याकडे एकच गाय होती, बांडी. साळूची दोन पिल्लं बांडीच्याच दुधावर वाढत होती.

एकदा जंगलातल्या गुरांत खोकल्याचा रोग आला. बांडीही खोकू लागली. तिथली रीत अशी, की गोठ्यात आजार शिरला की दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधायचा. म्हणजे शेजारपाजारची गुरं त्या गोठ्याच्या हौदावर पाण्याला येत नाहीत. साळूने डहाळा बांधला. शेजारच्या तरसभाऊंची गायही खोकत होती. त्यांनी डहाळा बांधला नाही. त्यांची गायच दिसेनाशी झाली.

मग महाराजांच्या रोगनिर्मूलन मोहिमेचं पथक आलं. पुढे लांडगेसाहेब, मागे आठ लांडगे. पथकाचं काम सोपं होतं. डहाळा दिसेल त्या गोठ्यात शिरायचं.

"घाबरू नका, बाई," लांडगेसाहेब म्हणाले. "गायीच्या बदली गाय मिळेल. महाराजांचा शब्द आहे."

बांडीची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावण्यात आली. पुढे चार दिवस पथक दात कोरत होतं.

साळू भरपाईची गाय मागायला कचेरीत गेली.

"गाय फक्त पशुपालकांना मिळते," साहेब म्हणाले. "तुम्ही पशुपालक आहात?"

"आहे की."

"मग गोठ्यातली गाय दाखवा."

"अहो, तीच तर तुम्ही नेलीत!"

"म्हणजे आज गाय नाही?"

"नाही."

"मग तुम्ही पशुपालक कशा? बाई, सरकारला फसवू नये."

साळू घरी आली. तिने कंद उकडून त्याचं पाणी पिल्लांना पाजलं. थोरल्याने घेतलं. धाकटं तोंड फिरवून बसलं.

आठवड्याने तरसभाऊ एक नवीकोरी धष्टपुष्ट गाय हाकत आले. 'दोन होत्या, एक मोहिमेत गेली,' असं त्यांनी कचेरीत लिहून दिलं होतं. उरलेली दाखवलीही होती.

"भाऊ, तुमची कुठली गाय गेली हो?" साळूने विचारलं.

"वहिनी, गेली म्हटलं की गेली. तुमची तर सगळ्यांच्या देखत गेली. काय मिळालं?"

"आणि ती जुनी अजून खोकतेय."

"हळू बोला! ती खोकत नाही. हंबरते."

दुसऱ्याच दिवशी लांडगेसाहेब ढोल वाजवत साळूच्या दारी आले. सगळं जंगल पालथं घातल्यावर त्यांना एकच गोठा असा सापडला होता, जिथे रोगाचा मागमूस नव्हता. त्यांनी दारावर पाटी ठोकली : 'आदर्श रोगमुक्त गोठा'.

"पण साहेब, यात गायच नाही."

"म्हणून तर!" साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या.

गर्दी पांगल्यावर धाकट्याने पाटी चाटून पाहिली.

"आई, ही दूध कधी देते गं?"

तात्पर्य : मुलांनो, रोग लपवू नये, नेहमी खरं बोलावं, शेजाऱ्यांच्या गुरांचीही काळजी घ्यावी. म्हणजे पाटी मिळते. ज्यांना दूधच हवं असेल, त्यांनी पथक यायच्या आधी गाय उसाच्या फडात नेऊन बांधावी, आमच्या आईने बांधलीय तशी, म्हणजे विहिरीच्या पलीकडे, जिथे—

"कुंदे! कुणाशी बोलतेयस गं? आत ये आधी!"