रिठ्याचं पाणी आणि नरसय्यामामा

आम्ही दुपारी जेवायला बसलो की दाराची कडी वाजते. बाहेर शेजारचे नरसय्यामामा हातात वाटी घेऊन उभे असतात.

"ताई, रिठे हायत का घरात? थोडेच द्या."

मामांच्या डोक्यावर केस नाहीत. रिठे लागतात ते गाण्याच्या जुन्या तबकड्या धुवायला. मामा त्यांना 'प्लेटा' म्हणतात.

मामा चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. नोकरी संपली, तरी ढवळायची सवय काही हातातून गेली नाही. त्यांच्या न्हाणीघरात एका मगात रिठ्याचं पाणी असतं, एकात लहान मुलांचा शाम्पू, एकात स्पिरिट. घरच्यांना आंघोळीला मग सापडत नाही. पाणी मात्र बॅटरीत घालतात तेच, डिस्टिल्ड. "नळाचं पाणी च्याला ठीक हाय. प्लेटंच्या खाचंत क्षार बसतो की."

तबकडी धुऊन झाली की ती वाळेपर्यंत मामांना दम धरवत नाही. अंगणात फेऱ्या मारतात, उभ्यानंच चहा पितात, मधेच आत जाऊन बोट लावून बघतात. पुरती वाळायच्या आधीच प्लेअरवर चढवतात, कान देतात आणि तोंड पाडतात. "अजून खरखर हाय की." पुन्हा मग, पुन्हा फडकं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कुठंसं ऐकलं, की लाकडाचा पांढरा गम तबकडीवर ओतायचा, वाळला की सालासारखा ओढून काढायचा, धूळ त्याच्याबरोबर निघते. निघतही असेल. पण वाळायला वेळ लागतो म्हणून मामांनी तबकडी गच्चीवर ठेवली, सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हात. तिची कुरडई झाली. मामांनी तीही लावून बघितली. त्यातला गवई हेलकावणाऱ्या होडीत बसल्यासारखा गात होता. त्यांची सून लक्ष्मी पदर तोंडाला लावून आत पळाली. मामा एवढंच म्हणाले, "बरं झालं, हीच होती, ती न्हवती." मला त्याचा अर्थ लागला नाही.

दिवाळी झाल्यावर एकदा ते वाटी न घेताच आले. "ताई, जरा येता का? एक प्लेट धुवायची हाय, मला धीर होत न्हाय."

त्यांच्या घरी टेबलावर एक लहान तबकडी होती. ती मी आधी कधी पाहिली नव्हती. कव्हर तेलुगूत होतं. वर भजन गाणाऱ्या बुवांचं नाव मोठ्या अक्षरात, आणि खाली एक बारीक ओळ. मामांनी तिच्यावर बोट ठेवून मला मराठीत सांगितलं, "आणि साथीदार."

मग म्हणाले, "त्या साथीदारांत आमची अम्मा हाय."

अम्मा विड्या वळताना भजनं म्हणायची. बुवांनी ही तबकडी भरताना मागं गायला गल्लीतल्या चार बाया नेल्या, त्यात ती होती. ती गेली तेव्हा मामा पाळण्यातून नुकते उतरलेले.

"आवाज आठवत न्हाय मला. ही एकच प्लेट हाय. बाकीच्या जुन्या बाजारातनं आणल्या, हात बसावा म्हणून."

मी धुवायला घेतली. मामा दार ते खिडकी चालत सांगत राहिले, "स्पिरिट नको. शाम्पूचा थेंबच टाका. दाबू नका." वाळल्यावर सुई मात्र त्यांनीच ठेवली.

बुवा गायले आणि त्यांच्या मागून बाया. खरखर जवळजवळ गेली होती. चारही आवाज वेगवेगळे कळत होते. मामांनी भजन संपेपर्यंत ऐकलं, पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं.

"कुठला हो अम्मांचा?" मी हळूच विचारलं.

मामा खुर्चीवर बसले. "कळंना, ताई. वाटलं हुतं, खरखर गेली की वळखीन."

लक्ष्मी दारात येऊन उभी राहिली होती.

मामांनी हात लांब करून सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"आता चौघींचं ऐकतो," ते म्हणाले. "त्यात एक ती असंलच की."