‘सोड’ म्हटलं की पाणी

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तपासणीला आलेले साहेब डोक्यापासून बुटांपर्यंत भिजले.

दहा वाजता ते कोरडे होते आणि मामांची छाती शेडनेटला लागेल इतकी फुगली होती. आजारानं मामांचे दोन्ही हात लुळे पडले, पण शेती सुटली नाही. व्हीलचेअरवरच्या भाचीनं वाफे टेबलाइतके उंच करून घेतले, वाटा खुर्ची वळेल एवढ्या रुंद ठेवल्या आणि मामांसाठी आवाजावर चालणारे तुषार बसवले. आता इथे चौदा अपंग मुलामुलींना शेती शिकवायची होती. साहेबांची मंजुरी तेवढी हवी होती.

पाणी सुरू करायला ‘सोड’, थांबवायला ‘बस’. भाचीनं ‘एक’ आणि ‘दोन’ सुचवले होते. “पाण्याशी मी आकड्यांत बोलू?” म्हणत मामांनी ते उडवून लावले. आणि शिकणारे चौदा, आवाज चौदा, म्हणून माइक कुणाचंही ऐकायचा.

“साहेब, आधी वाफे बघा. पाण्याची गंमत शेवटी!” मामा म्हणाले.

“गंमत सोडा हो! हात न चालणारा माणूस शेती...”

फुस्स! साहेबांच्या थेट टाळूवर.

“बस!” मामा ओरडले. पाणी थांबलं. साहेब पेटले.

“बस? मला एकेरी?”

“तुम्हाला नाही साहेब, पाण्याला! राग सोडा...”

फुस्स! या वेळी सगळे तुषार!

“मामा, सोडा म्हणू नका!” भाची किंचाळली. पाण्यानं तेवढंच ऐकलं आणि त्याला आणखी चेव चढला.

“बस! अरे बस! बस की!” मामांचा घसा बसला, पण माइकमध्ये पाणी गेलेलं, तुषार ढिम्म. साहेबांबरोबर आलेले कारकून मात्र तीनदा सांगितल्यावर मुकाट्यानं चिखलात बसले.

भाचीनं जागच्या जागी खुर्ची वळवली, वाटेवरून सुसाट गेली आणि मुख्य कॉक बंद केला. नऊ सेकंद! मामांनी मोजले होते.

साहेब निथळत तिच्याजवळ आले. “हा कॉक मुद्दाम इतका खाली?”

“हो साहेब. खुर्चीतून हात पोचायला हवा.”

“मी धावलो असतो तर या चिखलात आपटलो असतो.”

“पायांचा भरवसा नसतोच, साहेब.”

मामांचे हात चालत असते तर त्यांनी तिथेच टाळी दिली असती. साहेब हसले की शिंकले, ते कुणालाच कळलं नाही. ओल्या अर्जावर एक शब्द लिहून त्यांनी सही ठोकली आणि ते निघाले.

तीन वाजता कारकुनांचा फोन आला. भाचीनं तो मामांच्या कानाला धरला.

“साहेब ताप भरून घरी गेलेत. त्यांचा फोन भिजून बंद पडलाय. तुमचा अर्ज पंख्याखाली वाळतोय. सही स्पष्ट आहे. ‘मंजूर’ही स्पष्ट आहे.”

“मग अडलंय कुठे?”

“त्याच्या आधी शाईचा डाग आहे. त्याखाली ‘ना’ आहे की नुसतं पाणी, ते वाळल्याशिवाय कळत नाही.”

“पाणीच!” मामा ठणकावून म्हणाले. “आमचंच आहे, मी ओळखतो!”

पाच वाजेपर्यंत डाग वाळला नव्हता.