आरेखकबुवांची रेंगाळणारी विंडो

पाणीपुरवठा खात्याचे आरेखक त्या सोमवारी कचेरीत आले ते छाती दोन इंच पुढे काढूनच. डबा टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांनी जाहीर करून टाकलं, की आपल्या कॉम्प्युटरची विंडो आजपासून रेंगाळणार नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती वाऱ्यासारखी पळाली नाही, तर आपण आरेखक म्हणवून घेणार नाही.

कचेरीत त्यांना सगळे बुवा म्हणत. शहराच्या जमिनीखालचा एकूण एक नळ नकाशावर उतरवायचं काम बुवांचं. अकरा हजार रेषांचा तो नकाशा त्यांनी एकहाती काढला होता, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान होता, की घरी पाहुणे आले की मुलीच्या लग्नाचे फोटो बाजूला राहत आणि बुवा कागदावर मुख्य जलवाहिनी काढून दाखवायला लागत.

दुखणं एकच होतं. नकाशा एका विंडोत आणि तक्रारींची यादी दुसऱ्या विंडोत. एक बघायची तर दुसरी लहान करायला हवी. पण बुवांनी विंडोचा कोपरा धरून ओढला, की ती पंगतीतून अर्ध्यावर उठवलेल्या माणसासारखी कुरकुरत हलायची. माउस पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असायचा आणि विंडो अजून जागच्या जागी. मग अख्खा नकाशा पुसला जायचा आणि पहिल्यापासून नव्याने उमटायचा. आधी टाक्या, मग जाड मुख्य नळ, मग बारीक फाटे आणि सगळ्यांत शेवटी व्हॉल्व्हचे लाल ठिपके. सगळं उमटेपर्यंत दीड मिनिट जायचं. दिवसातून चाळीस वेळा हा सोहळा, आणि तोही तीन वर्षं. बुवा हनुवटीला हात लावून बघत बसायचे. दुसरं करणार काय?

आदल्या दिवशी जेवायला आलेल्या जावयाने रोगाचं नाव सांगितलं होतं. चित्र पडद्यावर कसं काढायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. तो जुना किंवा चुकीचा असला की विंडो अशी लोळत चालते. मी येऊन बघतो, असंही तो म्हणाला होता. त्यावर बुवा म्हणाले, "जावईबापू, आम्हाला जमिनीखालचं दिसतं. पडद्यामागचं दिसणार नाही होय?" जावई शहाणा होता. त्याने आणखी थोडा भात वाढून घेतला आणि विषय सोडून दिला.

तर बुवांनी सकाळी दहाला बाह्या सरसावल्या. शेजारच्या टेबलावर आवक-जावकबाई बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद त्यांच्याकडे, आणि कचेरीतल्या प्रत्येक फजितीचीही. त्यांनी विचारलं, की आधी नकाशाची एखादी प्रत दुसरीकडे ठेवलीत का? बुवा हसले. आपण नकाशाला हातही लावत नाही, फक्त ड्रायव्हर बदलतोय, असं त्यांनी बाईंना लहान मुलाला समजावावं तसं समजावलं.

मग त्यांनी जुना ड्रायव्हर काढून टाकला. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला, तेव्हा पडद्यावरची अक्षरं कलिंगडाएवढी झाली होती. विंडोचा फक्त वरचा डावा तुकडा दिसत होता, बाकीची भिंतीपलीकडे कुठेतरी. बाईंनी मान वर केली. हे व्हायचंच, असं बुवा म्हणाले. जुना घरातून गेलाय, नवा अजून यायचाय, मधल्या काळात घर असंच दिसतं.

नवा ड्रायव्हर त्यांनी इंटरनेटवरून उतरवला. कॉम्प्युटरच्या पाठीवर लिहिलेला नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर यांत शेवटचा एक आकडा वेगळा होता. पण सख्ख्या भावांतही एवढा फरक असतोच, असा विचार करून बुवांनी तो बसवला. आणि काय सांगावं, चालला! बुवांनी कोपरा ओढला आणि विंडो लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. त्यांनी ती मोठी केली, लहान केली, पुन्हा मोठी केली. मग सगळ्या कचेरीला बोलावून आणलं.

सात माणसं मागे उभी राहिली. अशा वेळी नुसती विंडो ओढून माणसाचं समाधान होतं का? नव्या ड्रायव्हरमध्ये आणखी काय काय आहे, हे दाखवायला बुवांनी एका दमात तीन-चार बटणं दाबली. चित्र गर्रकन फिरलं आणि खाली डोकं वर पाय करून थांबलं. टाक्या तळाशी गेल्या आणि शहराचं पाणी वर चढायला लागलं.

परत तीच बटणं कोणती, ते बुवांना आठवेना. माउस उजवीकडे न्यावा तर बाण डावीकडे पळायचा. शेवटी बुवांनी आणि हिशेबनिसांनी मिळून पडदाच उचलला, उलटा केला आणि दोन फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये डोक्यावर उभा केला. आता नकाशा सरळ दिसत होता. बुवा म्हणाले, की बघा, काम अडलं नाही. बाईंनी आपली जावकाची वही पदराआड तोंड झाकल्यासारखी वर धरली.

अर्धा तास बुवांनी तसंच काम रेटलं. मग सगळं नीट होईल म्हणून त्यांनी कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला, आणि पडदा काळा झाला तो झालाच. आत पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण चित्र म्हणून नाही.

नेमका त्याच क्षणी फोन वाजला.

मुख्य नळ फुटला होता. फिटर-मुकादम चौकातून बोलत होता. रस्त्याला भगदाड पडलं होतं आणि पाणी दुकानांत शिरत होतं. जवळ दोन व्हॉल्व्ह होते, पण दोन्ही अलीकडेच नव्या जागी बसवलेले. कपाटातल्या जुन्या कागदी नकाशात ते नव्हते. एक व्हॉल्व्ह फुटलेल्या नळाचा, दुसरा मोठ्या दवाखान्याचा. चुकीचा फिरवला तर शस्त्रक्रियेच्या खोल्यांचं पाणी बंद. मुकादमाला फक्त एवढंच विचारायचं होतं, की आपला कोणता.

तोवर खात्याच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी डोक्यावर उभा असलेला काळा पडदा पाहिला, बुवांकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "नकाशा किती वेळात दिसेल?"

बुवांनी पडद्याचं बटण उगाच एकदा दाबून पाहिलं. आता सांगावं काय? आपल्या एवढ्या वर्षांच्या नावावर आपणच बोळा फिरवला, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी डोळे मिटले. ते लाजेने मिटले होते, पण मिटल्याबरोबर पापण्यांमागे कोपऱ्यात एक निळं वर्तुळ उमटलं. टेकडीवरची टाकी. मग तिच्या शेजारी दुसरी.

बुवांनी फोन कानाला घट्ट लावला. "थांब जरा," ते मुकादमाला म्हणाले, "टाक्या निघतायत."

मुकादमाला काही कळेना. पाणी गुडघ्याला लागलंय, असं तो म्हणाला. पण नकाशा बुवांच्या डोक्यातही त्याच चालीने उमटत होता. तीन वर्षं त्यांनी तो तसाच पाहिला होता. मधलं गाळून पुढे जायची सोयच नव्हती. बुवा हळूहळू सांगत गेले, की मुख्य नळ निघाला, बाजाराच्या मागून वळला, आता फाटे फुटतायत. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"आले," बुवा म्हणाले. "शाळेच्या कुंपणाचा कोपरा. लोखंडी झाकणाखाली दोन व्हॉल्व्ह, हातभर अंतरावर. शाळेकडे तोंड करून उभा राहा. डावा दवाखान्याचा, त्याला हात लावू नकोस. उजवा फिरव."

शब्द तोंडातून गेले मात्र, आणि बुवांना पडदा आठवला. गेला अर्धा तास आपण डोक्यावर उभ्या पडद्यात नकाशा बघतोय. डावं-उजवं जागेवर आहे ना आपलं? त्यांनी डोळे उघडून आपला जेवायचा हात कोणता ते पाहिलं. मग पुन्हा मिटले आणि म्हणाले, "उजवाच."

फोनमधून आधी पाण्याचा घो घो आवाज आला. मग पाना घासल्याचा. आवक-जावकबाईंनी कुणी न सांगता दुसऱ्या फोनवरून दवाखान्यात विचारलं, की तुमच्याकडे नळाला पाणी आहे का. पलीकडच्या परिचारिकेने बघून सांगितलं, की आहे, चांगलं जोरात आहे. आणि मुकादमाचा आवाज आला, "बुवा, थांबलं."

बुवा खुर्चीत बसले. बघणाऱ्यांना ते मोठ्या दिमाखात बसल्यासारखे दिसले. बाईंनी आपला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. गेल्या तीन वर्षांत त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

दुपारी जावई आला आणि बरोबर नंबरचा ड्रायव्हर बसवून अर्ध्या तासात गेलाही. जाण्याआधी सकाळची हकिकत त्याने बाईंकडून दोनदा ऐकून घेतली. घरी बुवांनी ती तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा बायको म्हणाली, की माझा मोबाइल नंबर तरी कुठे पाठ आहे तुम्हाला. पण माहेरी आलेली मुलगी बापाकडे बघत राहिली होती, आणि बुवांना तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी मॅडमनी सगळ्या खात्याची बैठक घेतली. असा आरेखक दुसऱ्या कुठल्या शहराकडे नसेल, असं त्या म्हणाल्या. बुवा उभे राहिले, नमस्कार केला, छाती पुन्हा दोन इंच पुढे. मग मॅडम म्हणाल्या, की वरून आपल्या खात्याला एक नवाकोरा, सगळ्यांत वेगवान कॉम्प्युटर मंजूर झालाय. टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या बुवांनीच.

"तो आपण आवक-जावकला देतोय," मॅडम पुढे म्हणाल्या. "बुवांना काय, कॉम्प्युटर लागतच नाही."

बुवांचे हात मध्येच थांबले असते तर बरं दिसलं नसतं. म्हणून ते आणखी थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिले.